ठिपक्यांची कोकिळा

सुमारे बावीस वर्षांपूर्वी एका नवोदित कवीच्या पहिल्या संग्रहाचे परीक्षण प्रस्तुत लेखकाने केले होते. संग्रह लहान होता, कवी अपरिचित होता आणि परीक्षकास त्या काळी आपल्या लेखणीचा थोडा अभिमान होता. या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे परीक्षण कोणत्या वळणावर जाते हे जाणत्या वाचकांस सांगावयास नको. त्यात एका कवितेचा मी विशेष समाचार घेतला. वैशाखातल्या दुपारी उंबराच्या झाडावर बसलेली कोकिळा कवीने वर्णिली होती, आणि तिच्या तपकिरी अंगावर पांढरे ठिपके आहेत असे म्हटले होते. त्यावर, ज्यास कोकिळेच्या अंगावर ठिपके दिसतात त्याने कविता करण्यापूर्वी एकदा खिडकीबाहेर पाहावे, असा शेरा मी मारला. शेरा चुरचुरीत होता. पुढे दोघा-तिघांनी तो आपल्या व्याख्यानांत वापरला, आणि तो मूळ कोणाचा हे सांगण्याची संधी मी कधी दवडली नाही.

तो शेरा मागे घेण्यासाठी हा लेख लिहीत आहे. परंतु केवळ क्षमायाचनेसाठी मासिकाची इतकी पृष्ठे अडविणे उचित नव्हे. ज्या रीतीने माझी चूक माझ्या पदरात पडली, त्या रीतीत छायाचित्र कसे वाचावे, आणि त्या अनुषंगाने कविता कशी वाचावी, याविषयी काही विचार करण्याजोगे आहे असे वाटल्यावरून हे धाडस करीत आहे.

गेल्या ज्येष्ठाच्या आरंभी माझ्या पुतणीने मला मोबाइलवर एक छायाचित्र पाठविले. ती वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी. चित्रे काढण्याचा व टिपण्याचा तिला नाद आहे. घरामागच्या उंबरावर बसलेला एक पक्षी तिने गच्चीवरून टिपला होता. खाली एवढेच लिहिले होते : “काका, हा कोण? तुम्हांला पक्ष्यांवरच्या इतक्या कविता पाठ आहेत, तुम्हांला नक्कीच ठाऊक असेल.” या अनुमानातील तर्कदोष तेव्हा माझ्या ध्यानी आला नाही, उलट मी सुखावलो.

पक्षी पाठमोरा बसला होता व त्याने मान वळवून एका अंगाने पाहिले होते. अंग गडद तपकिरी, पाठीवर व पंखांवर पांढुरके ठिपके, शेपटी लांब आणि तिच्यावर आडवे पट्टे. छातीचा जो थोडा भाग दिसत होता तोही पट्ट्यापट्ट्यांचा. डोळा लालभडक. पट्टे आणि लाल डोळा पाहताच माझ्या मनाने निकाल दिला, आणि मी उत्तर धाडले की, हा शिकरा असावा, बहुधा अजून पुरती वाढ न झालेला.

क्षणभरात तिचा प्रतिप्रश्न आला : “पण काका, त्याच्या चोचीत उंबर आहे. शिकरा उंबर खातो का?”

मी चित्र पुन्हा उघडले. उंबर होते. पिकलेले, तांबडे, चोचीच्या टोकाशी धरलेले, आणि चित्राच्या जवळजवळ मधोमध. ते मला दिसले नव्हते असे म्हणणे खरे होणार नाही. डोळ्यांना ते दिसलेच असणार. परंतु ‘शिकरा’ हा शब्द मनात उमटला आणि त्याबरोबर, त्या शब्दाशी न जुळणारे जे जे होते ते सारे चित्रातून जणू पुसले गेले. चोचही शिकारी पक्ष्यासारखी आकडेदार नव्हती. ती जाडसर, फिकट हिरवट रंगाची होती. तीही मी पाहिली नव्हती. आयुष्याची तीस वर्षे विद्यार्थ्यांना ‘संहितेत काय आहे ते आधी पाहा’ असे बजावण्यात घालविलेल्या मनुष्याची ही कथा आहे.

आमच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्राचे एक अध्यापक आहेत. त्यांच्याकडे मी ते छायाचित्र घेऊन गेलो. मोबाइल हाती घेण्यापूर्वीच त्यांनी तीन प्रश्न विचारले : पक्षी कोठे दिसला, केव्हा दिसला, आणि काय करीत होता? मी सांगितले. त्यांनी चित्राकडे पाहिले न पाहिलेसे केले आणि म्हणाले, “कोकिळेची मादी. तुमच्या अंगणातही रोज येत असेल.” नंतर माझा चेहरा पाहून त्यांनी सौजन्याने पुस्ती जोडली की, माझी चूक अगदीच वावगी नव्हे. कोकिळेच्याच कुळातला जो पावशा, तो तर शिकऱ्याशी इतके साम्य राखून आहे की, त्याला पाहून लहान पक्षी घाबरून कालवा करतात. “मात्र,” ते म्हणाले, “कोवळ्या शिकऱ्याचा डोळा पिवळा असतो, लाल डोळा पाहून तुम्ही त्याला पिलू कसे म्हणालात?” या प्रश्नास उत्तर नव्हते. पट्ट्यांवरून शिकरा ठरविला, आणि तो पुरता शिकऱ्यासारखा दिसेना म्हणून त्याला पिलू ठरविले. आधी निकाल आणि मग त्यास सोयीचा पुरावा, हा क्रम न्यायालयात चालत नाही. टीकेच्या प्रांतात मात्र तो पुष्कळ चालतो.

घरी आल्यावर कपाटातून सालिम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक काढले. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने ते १९४१ साली प्रथम प्रसिद्ध केले. माझी प्रत नंतरच्या आवृत्तीची, पण तीही कपाटात तीस वर्षे आहे. नर काळाभोर व चकचकीत, मादी तपकिरी आणि पांढऱ्या ठिपक्यापट्ट्यांची, हे तेथे स्वच्छ लिहिलेले आहे. खिडकीबाहेर पाहण्याचेही कारण नव्हते. कपाट उघडले असते तरी पुरते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. छायाचित्र खोटे बोलत नाही अशी एक समजूत आपल्यात रूढ आहे. ती खरी मानली तरी त्यापासून फारसा लाभ नाही. कारण न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर छायाचित्र देत नाही. त्यात एकच पक्षी असतो, एकाच क्षणाचा, एकाच उजेडातला. त्याच्या आकारमानाचा अंदाज येत नाही, कारण शेजारी माप घेण्याजोगे काही असेलच असे नाही. कोकिळा साधारण कावळ्याएवढ्या लांबीची व अंगाने सडपातळ, शिकरा तिच्याहून बराच आखूड. प्रत्यक्ष झाडावर हा भेद कोणाच्याही लक्षात आला असता, पण मोबाइलच्या चौकटीत दोघे सारखेच. आभाळाच्या पार्श्वभूमीवर टिपला तर वाटेल तो पक्षी काळा होतो. दाट सावलीत पांढऱ्याचा राखी आणि तपकिरीचा काळा होतो. आणि सर्वांत मोठी उणीव ही की, चित्रातला पक्षी मुका असतो. थंडीच्या दिवसांत उत्तरेकडून आपल्या प्रांतात येणारे जे चिमुकले हिरवट-पिवळट पर्णवटवटे, त्यांच्या कित्येक जाती चित्रावरून वेगळ्या करताना तज्ज्ञही हात टेकतात. पण तोच पक्षी एकदा बोलला की वाद मिटतो.

म्हणूनच पक्ष्यांच्या ओळखीसाठी केलेल्या उत्तम ग्रंथांत छायाचित्रांपेक्षा हाताने काढलेल्या चित्रांना अद्याप मान आहे. १९३४ साली अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसन याने जे छोटेखानी पुस्तक काढले, त्याने या विषयाची रीतच पालटली. सारखे दिसणारे पक्षी त्याने शेजारी शेजारी, एकाच ढबीत बसवून काढले, आणि ज्या एका-दोन खुणांवरून ते निराळे ओळखता येतात तेवढ्यांकडे बारीक रेघांनी बोट दाखविले. चित्रकार शेकडो पक्षी पाहून त्यांच्यातील सामान्य तेवढे उचलतो. अमुक पक्ष्याचे मोडलेले पीस किंवा अमुक दिवसाचे मळभ तो सोडून देतो. छायाचित्रास असे सोडून देता येत नाही. दोन्ही मार्ग आपापल्या जागी योग्य आहेत. परंतु ज्यास पक्षी ओळखावयाचा आहे त्यास एकात नियम व दुसऱ्यात उदाहरण मिळते, हे ध्यानी ठेवले पाहिजे. एकाच उदाहरणावरून नियम बांधणाराची जी फजिती होते तीच नियमावरून उदाहरण नाकारणाराची होते. मी दुसऱ्या वर्गातला. कोकिळा काळी हा माझा नियम; म्हणून ठिपक्यांची कोकिळा मी कवितेत पाहिली तेव्हा ती खोटी ठरविली, आणि छायाचित्रात पाहिली तेव्हा तिला शिकरा म्हटले.

उदाहरणाने नियम दुरुस्त करावा कसा, याचा एक सुंदर वृत्तान्त अलीकडच्या काळातील आहे. बोर्निओ बेटावर, इंडोनेशियाच्या दक्षिण कालिमांतान प्रांतात, २०२० सालच्या ऑक्टोबर महिन्यात दोन स्थानिक रहिवाशांस रानात एक अनोळखी पक्षी आढळला. रानातील जिन्नस गोळा करण्यासाठी ते त्या भागात जात असत. पण हा पक्षी त्यांच्या परिचयाचा नव्हता. त्यांनी तो धरला, त्याची छायाचित्रे घेतली आणि त्यास सोडून दिले. ती छायाचित्रे प्रथम पक्षिनिरीक्षकांच्या मंडळांकडे व तेथून जाणकारांकडे गेली. आपल्याकडच्या सातभाईंच्या दूरच्या गोतात शोभेल असा तो साधाच पक्षी. डोक्यावर तांबूस तपकिरी, खाली राखी, आणि डोळ्यावरून गेलेला रुंद काळा पट्टा. या पट्ट्यावरून शोध घेता घेता असे निष्पन्न झाले की, ज्या जातीचा उभ्या जगात एकुलता एक नमुना होता, तीच ही जात. तो नमुना १८४३ ते १८४८ च्या दरम्यान श्वानर नावाच्या जर्मन संशोधकाने मिळविलेला. नेपोलियनचा पुतण्या शार्ल ल्यूसियँ बोनापार्त याने १८५० साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले, आणि तेव्हापासून तो हॉलंडमधील लायडन येथील संग्रहालयात आहे. प्रारंभी तो जावा बेटातला म्हणून समजला जात असे. तो बोर्निओचा असावा असे पुढे १८९५ साली ब्यूटिकोफर याने म्हटले. त्यानंतर त्या जातीचा जिवंत पक्षी कोणाच्याही दृष्टीस पडल्याची नोंद नव्हती.

या प्रकरणातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट डोळ्याची आहे. लायडनच्या नमुन्याचा डोळा पिवळा आहे. छायाचित्रातल्या पक्ष्याचा डोळा गडद लाल. पायांचा रंगही जुळेना : नमुन्याचे पाय तपकिरी, जिवंत पक्ष्याचे शिसवी राखी. माझ्यासारखा परीक्षक तेथे असता तर त्याने ‘खिडकीबाहेर पाहावे’ असा शेरा मारून छायाचित्रे परत केली असती. परंतु त्या जाणकारांनी नमुन्यालाच प्रश्न विचारला. पेंढा भरलेल्या पक्ष्यास डोळा असतो कोठला? तो काचेचा असतो, आणि बसविणारा आपल्या अंदाजाने रंग निवडतो. पायांचा रंग तर मेल्यावर उडतोच. तेव्हा पट्टा, चोच, पिसांचे रंग यांबाबत त्यांनी नमुना प्रमाण मानला, आणि डोळा व पाय यांबाबत छायाचित्र. जुळणाऱ्या खुणांनी पक्ष्याचे नाव मिळाले, आणि न जुळणाऱ्या खुणांनी पावणेदोनशे वर्षांची समजूत सुधारली. २०२१ च्या आरंभी हा शोध प्रसिद्ध झाला. प्रमाणग्रंथ आणि प्रत्यक्ष यांत विरोध आला असता कोणाचा कोणता अंश ग्राह्य धरावा, याचा इतका स्वच्छ विवेक मला पाठचिकित्सेच्या मोठमोठ्या ग्रंथांतही क्वचितच आढळला आहे.

माझ्या प्राणिशास्त्रज्ञ स्नेह्यांचा पहिला प्रश्न ‘कोठे, केव्हा’ हा होता. त्याचे महत्त्व, आणि त्याच्या उत्तरावरही आंधळा विश्वास ठेवण्यातला धोका, याचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. रानपिंगळा या छोट्या घुबडाचे वर्णन ह्यूम याने १८७३ साली केले. नंतर खानदेशात डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने त्याचे नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र पक्षी दिसेनासा झाला. अपवाद एका नमुन्याचा. त्याच्या चिठ्ठीवर १९१४ साल व गुजरातेतील मांडवी हे स्थळ होते, आणि मिळविणारा म्हणून माइनर्ट्‌झहागेन या नामांकित सेनाधिकाऱ्याचे नाव होते. त्या चिठ्ठीवर विश्वासून केलेला शोध व्यर्थ गेला. पुढे पामेला रासमुसेन या विदुषीने चिठ्ठी बाजूस ठेवून नमुन्याच्या कातड्याचीच परीक्षा केली. ते कसे भरले आहे, कसे शिवले आहे हे पाहिले. त्यावरून असे दिसले की, नमुना मूळ डेव्हिडसनच्या हातचा. तो ब्रिटिश म्युझियममधून चोरून, नव्याने भरून, नवी चिठ्ठी लावून पुढे आणला होता. मग खऱ्या स्थळांकडे लक्ष गेले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, आज नंदुरबार जिल्ह्यात असलेल्या शहाद्याजवळ, रासमुसेन आणि त्यांचे सहकारी बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना रानपिंगळा प्रत्यक्ष दिसला. मध्ये ११३ वर्षे गेली होती.

आणि योगायोग असा की, तेथेही प्रश्न ठिपक्यांचाच होता! आपल्या गावागावांत आढळणाऱ्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे. पंख व शेपटी यांवरचे पट्टे त्याचे अधिक ठळक, आणि पाय दणकट व पांढऱ्या पिसांनी झाकलेले. एवढ्यावरून तो ओळखावयाचा.

आता यंत्रांनीही हे काम हाती घेतले आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेने मर्लिन नावाचे एक साधन केले आहे. त्यास छायाचित्र दाखविले म्हणजे ते पक्ष्याचे नाव सुचविते. माझ्या पुतणीने नंतर गंमत म्हणून त्यास आपले चित्र दाखविले, तेव्हा त्याने कोकिळेचेच नाव दिले. मला थोडे ओशाळल्यासारखे झाले, हे कबूल करतो. परंतु एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ते यंत्रही नाव सांगण्यापूर्वी छायाचित्र कोठे आणि केव्हा घेतले हे विचारते. ‘काय करीत होता’ हे मात्र ते विचारीत नाही. उंबराचा प्रश्न पुतणीने विचारला, आणि तो तिला सुचला याचा मला त्या नावापेक्षा अधिक आनंद आहे.

वाङ्मयाच्या वाचकास येथे एक शंका येईल. कोकिळा काळी समजण्याची चूक एकट्या माझीच का? नव्हे. ती पुष्कळांची आहे, आणि तिचे मूळ भाषेत आहे. कोकिळा गाते, असे आपण म्हणतो. गोड गळ्याच्या गायिकेस गानकोकिळा म्हणतो. सरोजिनी नायडू यांस इंग्रजीत हिंदुस्थानची नाइटिंगेल म्हणत, त्याचे आपण भारतकोकिळा केले. वस्तुतः उन्हाळ्यात पहाटेपासून जो चढत्या स्वरात कुहू कुहू करतो तो काळा नर. मादीचा आवाज निराळा. ती किक् किक् किक् असा तुटक, कर्कश ओरडा करते. म्हणजे आपण नराचा आवाज व नराचा रंग घेतला, त्यास स्त्रीलिंगी नाव दिले, आणि खरी मादी डोळ्यांसमोर आली म्हणजे तिला ओळख देईनासे झालो. तिच्यासाठी आपल्या कल्पनेत जागाच उरली नाही.

पाश्चात्त्यांकडे हेच घडले. नाइटिंगेलमध्येही प्रसिद्ध गाणे नराचे. परंतु ग्रीक पुराणकथेने त्या पक्ष्यात एका दुःखी स्त्रीचे रूपांतर कल्पिले, आणि पुढच्या कवींनी तो सूर स्त्रीचा मानला. कीट्सचे १८१९ सालचे प्रसिद्ध स्तोत्र मी किती वर्षे शिकविले याची गणती नाही. मी नाइटिंगेल कधी पाहिला नाही, आणि माझ्या विद्यार्थ्यांनीही नाही; आम्ही सर्वांनी तेथे मनातल्या मनात कोकिळा बसविली. त्याचे छायाचित्र पाहिले तर आमच्या विद्यार्थ्यांची निराशाच होईल : साधा तपकिरी, शेपटीस किंचित तांबूस झाक असलेला पक्षी, आणि त्याचा पूर्वेकडचा सख्खा भाऊबंद त्याच्याइतकाच साधा, इतका की दोघांतला भेद गाण्यावरूनच सहज कळावा.

आपल्या पूर्वसूरींना मात्र या बाबतीत दोष देता येणार नाही. संस्कृतात पुंस्कोकिल असा स्वतंत्र शब्द आहे. कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गात शंकराच्या तपोवनात अकाली वसंत अवतरतो, तेव्हा आंब्याच्या कोवळ्या मोहराने गळा खुललेला जो पक्षी गातो, तो कालिदासाने पुंस्कोकिलच म्हटला आहे. शाकुंतलाच्या पाचव्या अंकात दुष्यंत स्त्रीजातीच्या चातुर्यावर कठोर बोलतो, तेव्हा आपली पिले दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेणारी म्हणून तो मादीचा दाखला देतो. दाखला अन्यायाचा असेल, पण गाणारा कोण व अंडी दुसऱ्याच्या घरट्यात ठेवणारी कोण, हा भेद कवीस पुरता ठाऊक आहे. परभृत, अन्यपुष्ट ही नावे काही अभ्यासिकेत बसून सुचलेली नव्हेत. तो डोळा मधल्या काळात आम्ही हरवला. आणि हरवणाऱ्यांत कवींपेक्षा आम्हां शिकविणाऱ्यांचा भाग मोठा, असे मला आता वाटते.

येथे कोणी म्हणेल की, काव्यात प्राणिशास्त्र कशास पाहिजे? चकोर चांदणे पितो, हंस दूध आणि पाणी वेगळे करतो. हे चालते, तर कोकिळेने गायिले म्हणून काय बिघडले? आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर राजशेखराच्या काव्यमीमांसेत कविसमयांची जी चर्चा आहे तिच्या आधारे देता येते. कविसमय हा कवींनी परंपरेने चालविलेला संकेत असतो. तो लोकव्यवहाराविरुद्ध असला तरी चालतो, कारण कवी व रसिक दोघेही तो संकेत म्हणूनच घेतात. तेव्हा गाणारी कोकिळा हा संकेत म्हणून मला मान्य आहे. परंतु संकेताच्या बाहेर जाऊन एखाद्या कवीने डोळ्यांनी पाहिलेले लिहिले, तर त्यास संकेताच्या काठीने मारण्याचा अधिकार टीकाकारास कोणी दिला? चकोराची गोष्ट ऐकून वाढलेल्या मनुष्याने खरा चकोर दाणे टिपताना वर्णिणाऱ्या कवीस अडाणी म्हणावे, असाच तो प्रकार झाला. कवीच्या अज्ञानास कविसमय म्हणून एखादे वेळी क्षमा मिळेल; टीकाकाराच्या अज्ञानास तीही सवलत नाही.

इतके मनात घोळल्यावर तो जुना संग्रह शोधून काढला. समासात माझ्या हातची लाल पेन्सिलीची उद्गारचिन्हे आहेत. ठिपक्यांच्या ओळीपाशी दोन. कविता पुन्हा वाचली. ती थोर आहे असे आजही म्हणणार नाही; मधली दोन कडवी सैल आहेत आणि यमकासाठी एक शब्द ओढून आणला आहे. परंतु पहिल्या चार ओळींत जे पाहणे आहे ते त्या संग्रहातील इतर कोणत्याही कवितेत नाही. तिच्या चोचीत उंबर आहे, हेही तेथे लिहिलेले आहे. ते मी तेव्हाही वाचले नव्हते.

शिवाय एक मौज आहे. शेवटच्या कडव्यात हीच ठिपक्यांची कोकिळा पंचम लावते. रूप मादीचे आणि गळा नराचा! अर्थात दोष काढावयाचाच होता तर तो येथे होता. आरंभी संकेत झुगारून कवी डोळ्यांवर विसंबला, आणि शेवटी पुन्हा संकेतास शरण गेला. कवितेचा तोल येथे जातो, आणि हे म्हणणे टीकेस शोभलेही असते. परंतु खऱ्या जागी माझी पेन्सिल उठली नाही, कारण तेथे त्याची समजूत आणि माझी समजूत एकच होती.

कवीचा पत्ता मिळविण्यास काही दिवस लागले. तो एका तालुक्याच्या गावी शाळेत शिक्षक आहे. त्यास सविस्तर पत्र लिहिले आणि पुतणीचे छायाचित्र सोबत जोडले. पंधरा दिवसांनी उत्तर आले. त्याने लिहिले आहे की, पंचमाची चूक त्याच्याही पुढे लक्षात आली, शाळेतल्याच एका मुलाने ती दाखविली. कडवे बदलावयाचे राहून गेले. तो उंबर रस्ता रुंद करताना गेला, पण पक्षी शाळेसमोरच्या पिंपळावर येतात. दुसरा संग्रह त्याने काढला नाही. त्याचा माझ्या शेऱ्याशी काही संबंध आहे असे त्याने लिहिलेले नाही, आणि नाही असेही लिहिलेले नाही. शाळेच्या भिंतीवर लावण्यासाठी छायाचित्राची मोठी प्रत मिळाल्यास बरे होईल, असे शेवटी विचारले आहे.

प्रत काढून धाडली आहे. मागच्या बाजूस स्थळ, तारीख व वेळ पुतणीने आपल्या हाताने लिहिली, आणि खाली जोडले : उंबर खात असताना.